शेंदराखालचा कुत्रा

आमच्याकडे जंगलात त्याचं नाव घेत नाहीत. मामा म्हणतात, नाहीतर नुसतं ‘तो’. मी घरात बसून, दार ओढून लिहून राहिले, तरी ते नाव काढायला हात धजत नाही. बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून एकदाच लिहिते, वाघ. आता पुढे मामाच म्हणीन.

गाव आमचं केशोरीच्या पुढे. धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, संपल्या की तिथूनच जंगल. इटियाडोह धरणाचं पाणी आमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून उन्हाळा लागला की बांध्या कोरड्या, आणि सगळ्या घरांचे डोळे मोहाच्या झाडांवर. शेवटच्या बांधीच्या पलीकडे साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाखाली मामाचं ठाणं आहे. ठाणं म्हणजे काय, एक दगडी ओटा आणि त्यावर बसलेला देव. अंगावर शेंदराचे थरावर थर, इतके की आत काय आहे ते पाहिलेलं माणूस गावात शिल्लक नव्हतं. नाक नाही, कान नाही, नुसता लाल गोळा. डोळ्यांच्या जागी दोन कवड्या. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा पायावर डोकं ठेवायला नेलं होतं, तर त्या कवड्यांकडे पाहून मी त्यांच्या पदराआड झाले होते. त्या म्हणाल्या, “भेव लागते ना? चांगलं हाय. भेव असलं म्हन्जे बाई घरी वापस येते.”

मोह वेचायला लागायच्या आदल्या दिवशी देवाला शेंदूर लावायचा मान आमच्या घराचा. सासूबाईंनंतर तो माझ्याकडे आला. आणि आणखी एक रिवाज सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गावात मोहाची झाडं घराघरांना वाटलेली आहेत. कागद कुठेच नाही, पण कोणतं झाड कोणाचं हे लहान पोरंही सांगतील. मात्र एक हंगाम जर घरचं कोणी झाडाखाली बसलं नाही, तर झाड दुसऱ्याचं झालं. भांडण नाही, तंटा नाही, झालं म्हणजे झालं. आमच्या झाडाची फुलं अशी जाड, रसाची, की टोपल्यात टाकताना आवाज होतो. पण झाड आहे नाल्याजवळ, सगळ्यांत दूर. गुडघे गेले तेव्हापासून मी जात नाही, सून जाते.

सून बिरसीकडची. विमानतळाच्या गावची. तिच्या माहेरी धान लावताना डोक्यावरून शिकाऊ पोरांची विमानं घरघरत जातात, तिला आवाजाचं काही वाटत नाही. आमच्या गावची शांतता तिला खाते. पहिल्या वर्षी म्हणायची, “आत्या, इथं पान पडलं तरी आयकू येते वो.” माझा मुलगा गोंदियाला राईस मिलमध्ये, सुट्टीला घरी येतो. बाकी दिवस आम्ही दोघीच, आणि आमचं जमतं. तिला तोंड आहे, मलाही आहे.

या वर्षी हंगाम लागायच्या आधीच बाजूच्या गावची एक बाई मोहाखालचा पाला जाळायला गेली आणि परत आली नाही. मी तिला ओळखत नव्हते. पण ते ऐकलं आणि मला काही सुधरेना. म्हणतात, वाकून बसलेली बाई मामाला बाई दिसतच नाही, जनावर दिसते. तेव्हापासून सून अंगण झाडायला वाकली की मला तिच्या पाठीकडे पाहवत नव्हतं. मी म्हणायची, “उभ्यानं झाड.” ती म्हणायची, “उभ्यानं झाडाले मी काय उंटीन हावो?”

वनविभागाचा गार्ड येऊन सांगून गेला, सूर्य निघाल्याशिवाय जंगलात जाऊ नका, एकटं जाऊ नका. बायांनी मान हलवली. पण सूर्य निघेपर्यंत चितळं आणि गुरं निम्मी फुलं खाऊन जातात हे त्यालाही माहीत आणि बायांनाही माहीत.

मग मी भीतीपोटी काय केलं पाहा. दरवर्षी आम्ही जुन्या शेंदरावरच नवा शेंदूर चोपडतो. या वर्षी वाटलं, एवढ्यानं भागायचं नाही, देवाची सेवा जास्त झाली पाहिजे. म्हणून घरून गुंडभर पाणी कढत करून नेलं, सुनेच्या डोक्यावर. देवाला गरम पाण्यानं आंघोळ घातली. मग तेल तापवून अंगभर ओतलं, चांगलं जिरू दिलं. सून म्हणाली, “आत्या, देवाले बाळंतिनीवानी शेकून राहिल्या का?” मी तिला गप्प केलं, ओट्याच्या कडेला बसून शेंदूर कालवला आणि देवाच्या डोक्यावर हात ठेवला.

डोकं हललं.

म्हणजे मला तसंच वाटलं. हाताखाली काहीतरी सरकलं, भाकरीचा पापुद्रा सुटतो तसं, आणि मग एकदम सगळा लाल गोळा माझ्या मांडीत आला. जड, ऊन ऊन. मांडीत उताणा पडला, कवड्या वर, माझ्याकडे. मी त्या कवड्यांकडे पाहत आणि सून ओट्याकडे पाहत.

“आत्या,” ती हळू म्हणाली, “हा तं कुत्रा होय.”

मी मान वर केली. ओट्यावर पांढरा कुत्रा बसला होता. संगमरवराचा. दोन्ही पाय पुढे टेकून, मान थोडी तिरपी, कोणी आतून हाक मारली आणि ऐकतो आहे असा. कान लोंबते, एकाचं टोक तुटलेलं. मानेत पट्टा, पट्ट्याला कडी, तीसुद्धा दगडातच काढलेली. छातीवरचे केस असे कोरलेले की फुंकर मारावी. फटीफटीत शेंदूर मुरून राहिला होता, म्हणून तोंडाजवळ रक्त लागल्यासारखं दिसत होतं. अशी जात आमच्याकडे नाही. आमचे कुत्रे उभ्या कानांचे, बरगड्या दिसणारे. हा कोणाच्या तरी घरचा, दूधभात खाल्लेला कुत्रा होता.

सून वाकून पाहू लागली. “किती सुंदर हाय वो! कोनाचा असंन?”

“उभी राह्य,” मी ओरडले, “वाकू नोको!”

तिला वाटलं मी देवाला भिऊन ओरडले. मी त्या झाडीला भिऊन ओरडले होते. आतापर्यंत जंगलाच्या आणि आमच्या मध्ये कोणीतरी बसलेला होता. आता तिथे कोणी नव्हतं. एक कुत्रा होता.

आम्ही शेंदराची ती खोळ परत बसवून पाहिली. आतून तिला कुत्र्याच्याच तोंडाचा खळगा पडलेला, नाकाची जागा, कपाळाची जागा, सगळं बरोबर बसायचं, पण हात सोडला की घसरायची. तेल मुरलं होतं ना. बांधावर बायांचे आवाज येऊ लागले. सुनेनं झटक्यात पूजेसाठी आणलेलं लाल फडकं काढलं, खोळ लावली, फडक्यानं डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलं आणि मागे गाठ मारली. कवड्या तेवढ्या बाहेर ठेवल्या.

“काऊन झाकलं?” मी म्हटलं.

“काऊन म्हन्जे? तुमच्या हातून झालं म्हनतीन. उद्या कोनाले काही झालं तं तुमच्यावर येईन, आत्या. चूप राह्या.”

बाया आल्या. नारळ फुटले. एकेक बाई डोकं टेकत होती आणि पुटपुटत होती. आमची शेजारीण, जिची जीभ गावात सगळ्यांत तिखट, ती म्हणाली, “मामाले यंदा लगन लागल्यावानी गुंडाळलं व! नवरदेव केला का नवरी?” सगळ्या हसल्या. मी नाही हसले. ती डोकं टेकताना तिचा पदर फडक्याला अडकला. गाठ राहिली. ती उठली, मला म्हणाली, “सांगतलं मी त्याले. माह्या अंगात हाडंच हाडं हायेत, दातात अटकतीन.”

घरी आलो. मला जेवण गेलं नाही. सुनेनं फोनवर कुत्र्याचा फोटो काढून ठेवला होता, तो मुलाला पाठवला. त्याचा फोन आला. त्याला भीती नाही, नवल. म्हणाला, “आई, असेच दोन आमच्या मालकाच्या जुन्या बंगल्याच्या दारात बसून आहेत. आजोबाच्या कुत्र्यांचे, म्हणतात. आजोबानं जबलपूरकडून कारागीर बोलावून बनवून घेतले होते. जुनी चीज आहे, संभालून ठेव.”

काय संभाळून ठेवू? मला दुसरंच आठवून राहिलं होतं. सासूबाई सांगायच्या, ठाण्याच्या मागे जो पडका चौथरा आहे तिथे एका मालगुजाराचा, म्हणजे जुन्या जमीनदाराचा, शिकारीचा तंबू पडायचा. बायकापोरं घेऊन यायचा, कुत्रेही आणायचा. आणि त्याचा एक लाडका कुत्रा मामानं तिथूनच नेला. एवढीच गोष्ट. मी ती लहान मुलांना सांगायची गोष्ट समजत होते.

मी तशीच उठून ठाण्याच्या म्हाताऱ्या पुजाऱ्याकडे गेले. मोहाची पूजा बायांची, बाकीच्या वर्षाची त्याची. त्याला दिसत कमी होतं, तो अंगणात दोरी वळत बसला होता. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावेल. त्याचे हात थांबले.

“पांढरा हाय?” त्यानं विचारलं.

“पांढरा.”

“मामानं ज्याले नेलं त्याच्या जागी दगड मांडते, वहिनी. हा रिवाजच होय. मानूस असो नाही तं जनावर. मालगुजारानं आपल्या रिवाजानं मांडला, आपल्या मानसायनं वरून शेंदूर देल्ला.” मग दोरी बाजूला ठेवून म्हणाला, “मले वाटे का आत मामाच असंन.”

त्याच्या आवाजात भीती होती. पुजाऱ्याच्या आवाजात! मी परत येताना बांधीवर दोनदा मागे वळून पाहिलं. आम्ही एवढी वर्षं ज्याच्यापुढे डोकं टेकून म्हणत होतो, आम्हाला सुखरूप आण, तो स्वतःच सुखरूप आलेला नव्हता.

सकाळी बाया ठाण्याशी जमल्या तेव्हा उजाडत होतं. सुनेनं मला घरी राहा सांगितलं होतं, मी काठी टेकत मागे गेलेच. बाया टोपले काखेत घेऊन हात जोडायला पुढे झाल्या, आणि मला राहवलं नाही. त्या त्याच्या भरवशावर आत जाणार होत्या. मी पुढे होऊन गाठ सोडली. फडकं खाली आलं, खोळ घसरून ओट्यावर आपटली, तिचा एक तुकडा फुटला.

कोणी ओरडलं नाही. एक तरणी बाई तेवढी रडायला लागली. मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. कोणी म्हणे देवानं कात टाकली, कोणी म्हणे देव गेला. एकीनं माझ्याकडे बोट केलं, “कालच कढत पानी ओतलं ना तुमी? मामाले पोळलं असंन!” सून मध्ये पडली, “पोळलं असंन तं माह्यावर येईन. गुंड मीनं नेला होता.”

मी तिला म्हटलं, “असं वाट्टेल ते बोलू नोको!”

शेजारीण इतका वेळ कुत्र्याकडे पाहत उभी होती. ती पुढे गेली, त्याच्या पट्ट्यावरून हात फिरवला. म्हणाली, “घरचा दिसते. बिचारा.” मग आमच्याकडे वळली. “आता बोंबलून काय फायदा? देव तं बसूनच राहे. मामा येते तवा भुकते कोन? कुत्रा भुकते. आपापले कुत्रे घ्या सोबत. आन एकटी-दुकटी कोनी जाऊ नोका. चाला, फुलं खाऊन राहिली असतीन चितळं.”

बायांना ते पटलं का, ते मला सांगता येत नाही. मोह थांबत नाही, एवढं खरं. काही जणी घरी गेल्या. बाकीच्या उन्हं निघाल्यावर कुत्र्यांना हाका मारत आत गेल्या. सूनही गेली. मी म्हटलं नको जाऊ. ती म्हणाली, “झाड जाईन, आत्या.” मी म्हटलं, जाऊ दे. ती म्हणाली, “तुमच्या सासूचं झाड होय,” आणि गेली.

मी ओट्याच्या कडेला बसून राहिले. त्या कुत्र्याच्या बाजूला. मला तो नको होता आणि तिथून उठवतही नव्हतं. आतून बायांचे आवाज येत होते, कुत्र्यांचं भुंकणं येत होतं, मध्येच हसणं. मी थोड्या वेळानं हाक मारायची, “अवंऽऽ!” आणि नाल्याकडून तिचा “ओऽऽ!” यायचा. तो आला की मी श्वास सोडायची.

मग वानरं ओरडली. नाल्याच्या बाजूनंच. कुत्रे एकदम जोरात भुंकले, आणि तितकेच एकदम बंद झाले. कुत्रं भुंकून थांबतं तसं नव्हतं ते, कोणी तोंडावर हात ठेवावा तसं. बाकीच्या बाया ओरडत, टोपले बडवत एकमेकींकडे धावत असल्याचं ऐकू आलं. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. गळा फाटेपर्यंत मारली. नाल्याकडून काही नाही.

मला काय काय दिसलं ते मी लिहिणार नाही. मी उठले, काठी कुठे गेली कळलं नाही, झाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले आणि पाय पुढे जाईना. आईची शपथ, पुढे टाकायचा होता, पण जाईना. मुलाला काय सांगू, हे एकच डोक्यात.

ती आली तेव्हा मला आधी तिची पाठ दिसली. उलट्या पावलांनी येत होती, एकेक पाऊल मागे टाकत, तोंड नाल्याकडे. टोपला डोक्यावर पालथा धरलेला, उंच, दोन्ही हातांनी. आमचा कुत्रा तिच्या पायांत पोटावर सरकत येत होता, शेपूट आत घातलेलं. उघड्या बांधीवर येईपर्यंत ती वळली नाही. मग वळली आणि मटकन खाली बसली.

मी तिला आधी मारलं. खरंच, पाठीवर दोन धपाटे घातले, मग जवळ घेतलं. “मुकी झाली होती का? ओ देता येत नोव्हता?”

ती म्हणाली, “ओ कसा देऊ वो? गवतात त्याचे कान दिसत होते. बसला होता. माह्याकडे पाहत नोव्हता, तुमच्या आवाजाकडे पाहत होता.”

हे ऐकून मी तिला सोडलंच. माझ्या हाका तिला माझ्याकडे आणून राहिल्या असं मी समजत होते.

सगळ्या बाया बाहेर आल्या. एका घरचा कुत्रा आला नाही. त्या घरच्या बाईनं दिवसभर त्याला हाका मारल्या आणि मग पायरीवर बसून राहिली.

त्या दिवशी मी सुनेला सांगितलं, आमचं झाड सोडलं. मी शेजारणीला आणि पुजाऱ्याला सांगून आले, म्हणजे गावाला सांगितल्यासारखंच. सासूबाईंच्या झाडाचं वाईट वाटलं का? वाटलं. आतल्या खोलीत जाऊन रडूनही घेतलं. पण भीती त्याहून मोठी होती, तिनं दुसरं काही वाटू दिलं नाही.

बाकीच्या बायांची झाडं जवळची. त्या दोन-तीन दिवस गेल्या नाहीत, मग पुन्हा जायला लागल्या, उन्हं चढल्यावर, जथ्यानं. ठाण्याचं म्हणाल तर गावानं अजून काही ठरवलेलं नाही. पुजाऱ्यानं खोळ उचलून ओट्याच्या कोपऱ्यात मांडली, कवड्या वर करून. कोणी तिला नारळ फोडते, कोणी कुत्र्याच्या कपाळाला शेंदराचं बोट लावते, कोणी दोघांनाही. मुलगा म्हणतो, आई, तो दगड चोरीला जाईल, घरात आण. मी म्हटलं, तू आण. त्याचाही हात लागला नाही.

आम्ही दोघी आता रोज सकाळी ठाण्याशी जाऊन बसतो. आत जात नाही. सुनेनं घरची फुटकी थाळी नेली आहे, ती बडवते. आवाजाला कोणी हाकेनं उत्तर द्यायचं नाही, उलट टोपला बडवायचा, असं बायांनी ठरवलं. थाळी वाजली की आतून टोपल्यांचे ठोके येतात, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. कोणता ठोका कोणाचा ते आता आम्हाला कळतं. शेजारणीचा सगळ्यांत शेवटी. काल तो आलाच नाही. सुनेनं पुन्हा वाजवली. नाही आला. ती माझ्याकडे पाहते, मी तिच्याकडे. तिनं तिसऱ्यांदा वाजवली, आणि तेवढ्यात झाडीतून, ठरवलेलं सगळं धाब्यावर बसवून, शेजारणीचा आवाज आला:

“अवं जित्ती हावो ना माय! बाईमानसाले जरा बाजूले बसू देसान का नाही?”

सून हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले. थोडा वेळ गेला आणि तिनं पुन्हा थाळी उचलली.